१९६२ साली ऑक्साइडला नाक मिळालं. आपल्याला कधी मिळणार?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतात, म्हणून वाचणाऱ्यांसाठी. बोलताना येणारं "अं", "म्हणजे ना" वगैरे बरंचसं काढलंय, पण सगळं नाही. मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, राहतो बदलापूरला. केमिस्ट्री हा माझा विषय नाही, इतिहास ही माझी आवड. आज दोन्ही एकत्र येणार आहेत.

[००:४०] एकच वर्ष, दोन गोष्टी

१ ऑगस्ट १९६२. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. आज अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली या पट्ट्यात कुठेही रिक्षावाल्याला "एमआयडीसी" एवढंच म्हटलं तरी तो "कुठल्या गेटला?" असं विचारतो. इतका तो शब्द आपल्या बोलण्यात मुरलाय.

त्याच १९६२ साली जपानमध्ये दोन माणसं, वेगवेगळ्या ठिकाणी, एकच गोष्ट दाखवत होती. क्यूशू विद्यापीठातले तेत्सुरो सेइयामा आणि त्यांचे सहकारी झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यावर वायू सोडत होते. वायू बदलला की थराचा विद्युत रोध बदलतो, हे त्यांनी छापून दाखवलं. नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड वापरून तसाच शोध लावला आणि त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला.

थोडक्यात, ज्या वर्षी आपल्याकडे कारखान्यांचे प्लॉट पाडायची संस्था जन्माला आली, त्याच वर्षी कारखान्यातली गळती ओळखू शकणारा पदार्थही जन्माला आला. या दोन गोष्टींची भेट आपल्या गल्लीत अजून नीट का झालेली नाही, हा आजच्या भागाचा प्रश्न.

[०२:१५] आधी आपला पट्टा

थोडी पार्श्वभूमी. अंबरनाथ म्हटलं की शिवमंदिर आठवतं. शिलाहारांच्या काळातलं, ११ व्या शतकातलं. पण उद्योगांच्या नकाशावर अंबरनाथ आलं ते १९२० च्या दशकात, विमको या आगपेटीच्या कारखान्यामुळे. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग इतर कारखाने.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात "कॅम्प नंबर ३", "कॅम्प नंबर ४" आजही टिकून आहे.

बदलापूर तेव्हा गाव होतं. नंतर एमआयडीसी आली, बारवीचं पाणी आलं, लोकलच्या फेऱ्या वाढल्या, आणि मग आपल्यासारखे लोक आले, ज्यांना मुंबईत घर परवडत नाही.

बघा, म्हणजे क्रम असा आहे. बऱ्याच ठिकाणी कारखाना आधी आला आणि वस्ती मागून येऊन त्याला चिकटली. "तुम्ही तिथे राहायला गेलातच कशाला?" असं विचारणं सोपं आहे. पण प्लॉट, प्लॅन आणि परवानग्या हे सगळं कुणीतरी कागदावर मंजूर केलेलं असतं.

आता घटना. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रासायनिक कचरा सोडला गेला आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला, दवाखाने भरले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात एका कारखान्यातून वायुगळती झाली. सुमारे तीन किलोमीटरच्या परिसरात लोकांचे डोळे चुरचुरले, घसा जळजळला. तासाभरात गळती आटोक्यात आली, जीव कुणाचा गेला नाही.

त्या रात्री मी घरीच होतो. कोविडचा काळ, सगळेच घरी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज आला: "कोणाला वास येतोय का?" मग "हो", "बी विंगला पण", "गॅस चेक करा घरातला", "खिडक्या बंद करा", "नका करू, उघड्या ठेवा". कोविडमुळे कुणी म्हणालं, "मला तर वासच येत नाहीये, टेस्ट करू का?" हसू नका. त्या क्षणी तो खरा प्रश्न होता.

माझ्या डोक्यात राहिलं ते हे, की आमच्याकडे आकडा नव्हता. कुठला वायू, किती, वाढतोय की कमी होतोय, काहीच नाही. चारशे फ्लॅटमधली चारशे नाकं आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

[०५:३०] नाक हे यंत्र किती भरवशाचं?

माणसाला हे जुनंच माहीत आहे की नाकावर विसंबता येत नाही. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींमध्ये कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात हे सुचवलं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि छोटा पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. ही पद्धत तिथे १९८६ पर्यंत चालली. म्हणजे कॉम्प्युटर घरोघरी पोहोचायला लागले होते, आणि खाणीत अजून पक्षी होता!

आपल्या घरातल्या सिलिंडरचंही तसंच. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. आपल्याला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी नैसर्गिक वायू साचून शाळेत स्फोट झाला, सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. यंत्र नव्हतं, म्हणून वायूलाच नाकाच्या सोयीचं केलं.

पण सगळ्यात फसवा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास. गटारात, मैलापाण्यात, सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल पडलं की तो सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असला तरी तो नाकाला कळतो. पण तोच साधारण १०० भागांवर गेला की काही मिनिटांत वास येणंच बंद होतं, कारण घ्राणेंद्रिय बधिर होतं. माणसाला वाटतं, "गेला वास", आणि तो आणखी आत उतरतो. ड्रेनेजमध्ये उतरलेला एक कामगार परत येत नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही राहतो, अशा बातम्या आपण वाचतो. त्यात बऱ्याचदा हेच घडलेलं असतं.

आणि भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची गळती ओळखायची कामगारांची नेहमीची पद्धत काय होती? डोळे चुरचुरले की समजायचं. इतक्या मोठ्या कारखान्यातही शेवटी माणसाचा डोळा हाच सेन्सर होता.

[०८:२०] ऑक्साइडला "वास" येतो म्हणजे काय होतं?

आता जरा विज्ञान, पण घाबरू नका.

१९४७ साली ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन आणि जॉन बार्डीन यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की जर्मेनियमच्या पृष्ठभागाभोवतीची हवा बदलली की त्याचे विद्युत गुण बदलतात. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांसाठी ही डोकेदुखी होती. बाहेरच्या हवेनं सर्किट बिघडणार असेल तर कसं चालेल? त्यांनी तो डबाबंद करून टाकला. सेइयामा आणि तागुचींनी त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. आमच्या भाषेत सांगायचं तर बगचं फीचर केलं.

टिन म्हणजे कथील. तेच कथील, जे कल्हईवाले नवसागर टाकून तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावायचे. कथिलाचं ऑक्साइड पांढरं असतं. आयुर्वेदातलं वंगभस्म हे कथिलाचं आणि जसदभस्म जस्ताचं, मुख्यतः ऑक्साइडच. मात्र यावरून "आपल्या पूर्वजांना नॅनो माहीत होतं" अशी फॉरवर्ड बनवू नका. भस्म बनवणं त्यांना येत होतं, तेवढं पुरेसं कौतुकाचं आहे.

हे ऑक्साइड ३०० अंशांच्या आसपास तापवलं, की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. इलेक्ट्रॉन अडकले म्हणजे वीज नीट वाहत नाही, रोध वाढतो. मग एलपीजी किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आला, की तो त्या बसलेल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करून त्याला उठवतो. इलेक्ट्रॉन सुटतात, रोध धाडकन कमी होतो. हवेतला रोध भागिले वायूतला रोध, हा झाला तुमचा सिग्नल. बस.

तागुचींचे सेन्सर १९६८ पासून कारखान्यात बनू लागले, १९६९ मध्ये त्यासाठी फिगारो ही कंपनी निघाली. जपानी घरांमध्ये तेव्हा एलपीजी नुकता पसरत होता, स्फोट होत होते. त्यामुळे गरज स्वयंपाकघरातूनच आली होती.

[११:००] मग नॅनो कशाला?

इथे मला उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या स्टेशनबाहेरचा स्कायवॉक आठवा असं सांगायचंय.

स्कायवॉकच्या दोन्ही कडांना फेरीवाले बसलेत. प्रत्येकानं कडेपासून तीन फूट जागा घेतलीय. पूल तीस फूट रुंद असेल तर काय फरक पडतो? मधून गर्दी आरामात जाते. फेरीवाले आले काय, उठले काय, गर्दीचा वेग तोच. पण पूल सहाच फूट रुंद असेल तर? दोन्हीकडून तीन-तीन फूट गेले, पूल बंद. आणि "गाडी आली" म्हणून ते एकदम उठले, की बंद पूल क्षणात मोकळा.

फेरीवाले म्हणजे तो पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन. गर्दी म्हणजे इलेक्ट्रॉन. टिन ऑक्साइडमध्ये तो ऑक्सिजन कडेपासून साधारण ३ नॅनोमीटर खोलीपर्यंतचे इलेक्ट्रॉन काढून घेतो. म्हणून कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की संवेदनशीलता एकदम उसळते. हे १९९१ मध्ये क्यूशू विद्यापीठातच नोबोरू यामाझोए यांच्या गटानं मोजून दाखवलं. केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरा, म्हणजे सहा म्हणजे काय ते कळेल.

२००१ मध्ये अमेरिकेत झोंग लिन वांग यांच्या गटानं ऑक्साइडची पूड नळीच्या भट्टीत प्रचंड तापवून, तिची वाफ थंड भागात बसू देऊन, नॅनोपट्टे वाढवले. रिबिनीसारखे लांब, अतिपातळ. त्यानंतर जगभर झिंक आणि टिन ऑक्साइडचे दांडे, तारा, पट्टे, फुलं वाढवायची लाटच आली. ती लाट महाराष्ट्रातही आली, आणि गंमत म्हणजे फक्त मोठ्या शहरांत नाही.

[१३:४५] अमळनेर, कोल्हापूर, पुणे

आयटीवाल्यांना अमळनेर माहीत असतं ते विप्रोमुळे. १९४५ साली तिथे वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून तिची सुरुवात झाली. मराठीवाल्यांना माहीत असतं ते साने गुरुजींमुळे, ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पण गॅस सेन्सरचे शोधनिबंध वाचणाऱ्यांना अमळनेर माहीत आहे ते प्रताप कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागामुळे. प्रा. एल. ए. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००० च्या दशकात तिथून एलपीजी, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड ओळखणाऱ्या ऑक्साइडच्या जाड थरांवर भरपूर काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापलं.

त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती डोळ्यासमोर उभी राहते. झिंक ऑक्साइडची बारीक पूड घ्यायची. इथाइल सेल्युलोज आणि काही सेंद्रिय द्रावकं घालून तिची पेस्ट करायची. मग काचेवर स्क्रीन प्रिंटिंग. हो, तेच, ज्यानं लग्नपत्रिका आणि मंडळाचे टी-शर्ट छापतात! ५०० अंशांना अर्धा तास भाजायचं, चिकटवणारे पदार्थ जळून जातात, ऑक्साइड काचेवर राहतं. मग तो थर क्रोमियम किंवा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात काही मिनिटं बुडवून पुन्हा तापवायचा, म्हणजे पृष्ठभागावर दुसऱ्या ऑक्साइडचे कण बसतात. तपासणीसाठी काचेचा घुमट, आत हीटर आणि तापमान मोजायला थर्मोकपल. वायू किती सोडायचा? इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून. आणि बाहेर विद्युतप्रवाह मोजणारं मीटर.

तालुक्याच्या गावात, कॉलेजच्या बजेटमध्ये, जगात छापलं जाईल असं काम उभं करायचं तर ते असं करतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात दुसरी परंपरा. तिथे प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या प्रयोगशाळेत रासायनिक न्हाणाची पद्धत रुजली. काच द्रावणात बुडवून ठेवायची आणि साध्या तापमानाला तिच्यावर थर वाढू द्यायचा. प्रा. पी. एस. पाटील यांनी स्प्रे पायरोलिसिसवर, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायच्या पद्धतीवर, १९९९ मध्ये लिहिलेला आढावा आणि पुढच्याच वर्षी माने-लोखंडे यांनी रासायनिक पद्धतीवर लिहिलेला आढावा, हे दोन्ही जगभरातले विद्यार्थी आजही संदर्भाला घेतात. महागडी निर्वात यंत्रं नसतील तर काय करायचं, याचं उत्तर कोल्हापूरनं दिलं.

अशाच पद्धतीनं झिंक ऑक्साइडचे नॅनोदांडे वाढवतात. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन पाण्यात विरघळवायचं, झिंक ऑक्साइडचं बीज लावलेली काच त्यात ठेवायची, ९० अंशांच्या आसपास काही तास. चहापेक्षा कमी तापमान! काच बाहेर काढली की पांढुरका थर दिसतो. डोळ्यांना चुन्याचा डाग, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी पेन्सिली उभ्या केल्यासारखे दांडे.

पण "दिसतात" म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. म्हणून क्ष-किरण विवर्तन. तांब्याचे क्ष-किरण पाडले की झिंक ऑक्साइड ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर तीन शिखरं दाखवतो. ती त्याची सही. टिन ऑक्साइडची सही २६.६ पासून सुरू होते. शिखर जितकं रुंद तितका स्फटिक लहान, हा हिशोब पॉल शेररनं १९१८ मध्ये मांडला. आपल्याकडची कॉलेजं असे नमुने मुंबईत आयआयटीच्या मोठ्या उपकरण केंद्रात पाठवतात आणि नंबरची वाट बघतात. पीएचडी करणाऱ्या मित्राला विचारा, त्याच्या आयुष्याचा किती भाग "सॅम्पल पाठवलंय" या वाक्यात गेला ते.

पुण्यात एनसीएलमध्ये आय. एस. मुल्ला यांच्या गटानं टिन ऑक्साइडवर दीर्घकाळ काम केलं. आणि मुंबईत बीएआरसीमध्ये हायड्रोजन सल्फाइडसाठी टिन ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांच्या मिश्र थरांवर. ही जोडी भारी आहे. साध्या हवेत कॉपर ऑक्साइड टिन ऑक्साइडच्या मध्ये भिंतीसारखं उभं राहतं, रोध प्रचंड. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, जे धातूसारखं वीज वाहतं. भिंत कोसळते. वायू गेला की गरम हवेत पुन्हा ऑक्साइड होतं, भिंत पुन्हा उभी. जो वायू आपलं नाक बधिर करतो, नेमका त्याच्यासाठी न बधिरणारं नाक.

[१८:३०] आणि आपल्या पट्ट्यात?

लोकांना माहीत नसतं, पण शिळ-बदलापूर रस्त्यावर, अंबरनाथला, डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे, एनएमआरएल. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत रसायन आणि धातुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली, पुढे अंबरनाथला आली. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली ठेवणारी फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा तिथलीच. तिचा जमिनीवरचा नमुना ८ मार्च २०२१ ला यशस्वी ठरला. म्हणजे बदलापूरच्या गळतीच्या तीन महिने आधी.

आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर जांभूळ फाट्याला, एसआयसीईएस कॉलेजमध्ये, आयआयटी मुंबईतून निवृत्त झालेले प्रा. महेश्वर शेरॉन यांनी नॅनोतंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र उभं केलं होतं. त्यांचं नाव मुख्यतः वनस्पतीजन्य पदार्थांपासून बनवलेल्या कार्बन नॅनोरचनांसाठी घेतलं जातं.

सांगायचा मुद्दा हा, की नॅनो, स्फटिक, पृष्ठभाग हे शब्द आपल्या पट्ट्याला परके नाहीत. ते वालधुनीपासून काही किलोमीटरवर रोज उच्चारले जातात.

[२०:१०] मग नाल्यावर सेन्सर का नाही?

इथे सोपं उत्तर आहे "सरकारला पडलेली नाही". पण ते उत्तर अर्धवट आहे. पदार्थाच्याही अडचणी आहेत, आणि त्या समजून घेतल्या नाहीत तर उद्या कुणीतरी चकचकीत डबा विकून जाईल.

पहिली अडचण, ओळख. बी.टेक.च्या शेवटच्या वर्षी आमच्या बॅचमधल्या निम्म्या प्रोजेक्टमध्ये एमक्यू-१३५ नावाचा सेन्सर होता. लॅमिंग्टन रोडला शे-दोनशे रुपयांत मिळतो, आत टिन ऑक्साइड, आर्डुइनोला जोडला की आकडे येतात. पण तो अमोनियाला हलतो, बेंझीनला हलतो, अल्कोहोलला हलतो, धुरालाही हलतो. शेजारच्यांनी कांद्याची फोडणी दिली तरी हलेल. "काहीतरी आहे" एवढं तो सांगतो, "काय आहे" ते नाही.

दुसरी, पाऊस. पाण्याची वाफ ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसते आणि मूळ रोधच बदलून टाकते. अमळनेरचा उन्हाळा आणि बदलापूरचा जुलै यात केवढा फरक आहे! कोकणाच्या तोंडाशी ठेवलेला सेन्सर चार महिने ओल्या हवेशी भांडत असतो.

तिसरी, सरकत जाणं, म्हणजे ड्रिफ्ट. महिनोन्‌महिने ३०० अंशांवर तापलेले नॅनोकण एकमेकांत मिसळून मोठे होतात. सहा फुटांचा पूल हळूहळू रुंद होतो! बीएआरसीच्या गटानं २००३ मध्ये टिन-कॉपर सेन्सरमधल्या याच सरकण्याच्या कारणांवर स्वतंत्र निबंध लिहिला. मला तो फार प्रामाणिक वाटतो. "आमचा सेन्सर सर्वोत्तम" म्हणणं सोपं असतं, "तो का बिघडतो" हे शोधणं कष्टाचं.

म्हणून प्रयोगशाळेतला घुमट आणि रस्त्यावरचा खांब यात मोठं अंतर आहे. घुमटात एक वायू, मोजून सोडलेला, कोरड्या हवेत, दोन तास. खांबावर वीस वायू, न मोजलेले, पावसात, दहा वर्षं. हे अंतर नुसत्या नव्या नॅनोफुलानं भरत नाही. ते भरतं कॅलिब्रेशननं, देखभालीनं, दर काही महिन्यांनी जाऊन सेन्सर बदलणाऱ्या पगारी माणसानं. शोधनिबंध त्याला मिळत नाही, म्हणून ते काम कुणाचंच नसतं.

आता माझ्या क्षेत्राचं बोलतो. एक सेन्सर भरवशाचा नसेल, पण वेगवेगळ्या ऑक्साइडचे चार सेन्सर, त्यांच्यासोबत आर्द्रता आणि तापमान, आणि असे वीस खांब, तर त्यांच्या एकत्रित वागण्यातून बरंच कळतं. एकाच वेळी वाऱ्याच्या दिशेनं एकामागून एक खांब हलले, तर ती फोडणी नाही. नेमका वायू ओळखायला नंतर चांगलं उपकरण घेऊन माणूस जाईल, पण कुठे जायचं आणि कधी जायचं हे खांब सांगतील. यातलं सॉफ्टवेअर अवघड नाही, खरंच. त्यासाठी कंपनी काढायचीही गरज नाही.

[२४:३०] आकडा नसेल तर इतिहास नसतो

हे सगळं मी इतिहासाच्या पॉडकास्टवर का बोलतोय?

भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला, आणि १९९६ च्या नियमांनी राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितलं, लोकांना माहिती द्यायलाही सांगितलं. कागदावर आपण रिकामे नाही आहोत. पण हे सगळे कायदे पुरावा मागतात. किती वाजता, किती प्रमाण, कुठपर्यंत.

आणि आपल्याकडे काय असतं? "खूप वास येत होता." वासाचं दप्तर नसतं. तो सकाळपर्यंत उडून जातो. दवाखान्यातल्या केस पेपरवर "श्वासाचा त्रास" एवढंच लिहिलेलं असतं. ज्या आजीला त्या रात्रीनंतर दम्याचा त्रास वाढला असं वाटतं, तिच्याकडे फक्त वाटणं असतं. ज्या कारखान्याची चूक नव्हती, त्याच्याकडेही स्वतःला निर्दोष ठरवायला काही नसतं, हेही लक्षात घ्या. आकडा दोघांच्याही कामाचा आहे.

मी या पट्ट्याचा इतिहास गोळा करतो तेव्हा शिलाहारांचा शिलालेख सापडतो, १९४९ च्या कोनशिलेची तारीख सापडते. पण गेल्या वीस वर्षांत आपण रात्री काय श्वासात घेतलं, याचा आमच्या गल्लीपुरता एक तक्ताही मला सापडत नाही. हजार वर्षांपूर्वीचा दगड बोलतो आणि मागच्या पावसाळ्यातली हवा बोलत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी. एक, ऐकणाऱ्यांपैकी जे फिजिक्स, केमिस्ट्री शिकताहेत त्यांनी पुढचा नॅनोदांडा वाढवाल तेव्हा तो ८५ टक्के आर्द्रतेत आणि सहा महिन्यांनंतरही तपासा. निबंध कमी छापले जातील, पण कामाचे ठरतील. दोन, माझ्यासारख्या कोडवाल्यांनी त्यांच्याकडे जा, त्यांना डेटा साठवायला मदत करा. तीन, बाकी सगळ्यांनी आपल्या प्रभागात एवढंच विचारा, की स्थानिक आपत्ती गटात कोण आहे आणि रात्री दहा वाजता वास आला तर फोन कुणाला करायचा. उत्तर मिळालं तर ते सोसायटीच्या बोर्डावर लावा. आणि तोपर्यंत वास आलाच, तर ग्रुपवर फक्त "वास येतोय का" लिहू नका. वेळ, ठिकाण आणि वारा कुठून येतोय ते लिहा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. सध्या आपलं दप्तर तेवढंच आहे.

पुढच्या भागात वालधुनी नदीचा उगम ते संगम, पायी चालत. बूट जुने घाला. भेटू.